बाळाचा मॉनिटर, आजीच्या कानांच्या मापाचा

माझी बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा जुलैमध्ये संपली आणि त्याच आठवड्यात घरात बेबी मॉनिटरचा, म्हणजे बाळाचा आवाज किंवा चित्र दुसऱ्या खोलीत पोचवणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला. मी एका सीए फर्मचं काम घरून करते. नवरा पुण्याला, शनिवार-रविवारी येतो. मी साताऱ्याला माहेरी, आईकडे. माझी लेक चिऊ दिवसा माजघरात झोपते, कारण घरातली तीच एक थंड खोली. मी वरच्या मजल्यावर लॅपटॉपपुढे, अर्धा वेळ कानांवर हेडफोन. आई मागच्या स्वयंपाकघरात, नाहीतर परसात. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये काळ्या दगडाची दीड हात जाडीची जुनी भिंत. आणि आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं.

हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या घराचं आणि या माणसांचं आहे. मॉनिटरची माहिती शोधताना मला बाळाबद्दल खूप वाचायला मिळालं: बाळाचा चेहरा किती स्पष्ट दिसतो, बाळाला अंगाईगीत ऐकू येतं का, खोलीचं तापमान किती. पलीकडे ऐकणारं माणूस कोण आहे, त्याचे हात कशात गुंतलेले असतात, याबद्दल जवळपास काहीच नाही. आमचे सुरुवातीचे पैसे आणि कितीतरी दिवस त्यातच गेले.

चिऊ ३४ आठवड्यांची असताना जन्मली, १ किलो ९०० ग्रॅम. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. तिच्या पायाला लाल दिवा लावलेला असायचा आणि वर ऑक्सिजनचे आकडे. ९६, ९७, ९५. तो दिवा हलला की टुंग टुंग वाजायचं आणि आम्हा दोघांच्या पोटात गोळा यायचा. घरी आल्यावर नवऱ्याने पहिली मागणी केली ती त्या पायमोज्यासारख्या मॉनिटरची, जो बाळाच्या पायात घातला की नाडीचे ठोके आणि ऑक्सिजन फोनवर दाखवतो. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. नऊ दिवस आकड्यांकडे बघून काढल्यावर आकड्यांशिवाय झोपायचं कसं?

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे नाही म्हटलं. त्यांनी वेळ देऊन समजावलं म्हणून इथे लिहिते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून अशी घरगुती यंत्रं वापरू नयेत. अशा मोज्यांबद्दल तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये एका कंपनीला ताकीदपत्रही दिलं होतं. नंतर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या सुधारित मोज्याला मंजुरी मिळाली, पण हे मृत्यू टाळण्यासाठी नव्हे. डॉक्टर म्हणाले, "बाळाला खरोखर गरज असती तर मीच तुम्हाला वैद्यकीय यंत्र लिहून दिलं असतं. तिला उताणी झोपवा, कडक सपाट गादीवर, उशी-गोधडी-खेळणी काही नको. आणि निदान सहा महिने तुमच्याच खोलीत." आम्ही ते तंतोतंत पाळलं. म्हणून पहिले सहा महिने आम्हाला मॉनिटर लागलाच नाही. ती हाताच्या अंतरावर होती. बारशाला मॉनिटर भेट द्यायचा विचार करत असाल तर जरूर द्या, पण खोकं लगेच फोडायची घाई करायला नको.

जुलैमध्ये आम्ही वाय-फाय कॅमेरा आणला. दुकानदाराने तोच दाखवला. डावीकडे-उजवीकडे फिरणारा, अडीच हजारांच्या आतला. इथे बहुतेक घरांत बेबी मॉनिटर म्हणजे हाच असतो. चित्र सुरेख. नवरा ऑफिसात डबा खाताना चिऊला बघायचा आणि त्याचा चेहरा कसा झाला असेल हे मला त्याच्या मेसेजवरून कळायचं. पण जोडताना अर्धी संध्याकाळ गेली. आमचं राउटर दोन नावांनी नेट देतं, माझा फोन ५ गिगाहर्ट्झवर होता आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ चालत होतं. हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

कॅमेरा चांगला की वाईट हे मला २३ जुलैच्या दुपारी कळलं. बाहेर धो धो पाऊस. माझी मीटिंग चालू, हेडफोन कानांवर, फोन लॅपटॉपला टेकवून उभा ठेवलेला. फोनवर चिऊ शांत झोपलेली, एक मूठ कानाजवळ. मी दर मिनिटाला बघत होते. मूठ तिथेच. केव्हातरी माझी नजर चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. ३:१२. लॅपटॉपवर ३:२३ वाजले होते. मी अकरा मिनिटं एका फोटोकडे बघत बसले होते.

जिना कसा उतरले आठवत नाही. चिऊ जागी होती, रडून रडून आवाज बसला होता, केस घामाने कपाळाला चिकटलेले. आई परसातल्या पत्र्याखाली वाळत घातलेले कपडे आत घेत होती, पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. तिने मला चिऊला घेऊन उभी बघितली आणि तिचं तोंड पडलं. "मला ऐकू आलं नाही गं," एवढंच म्हणाली. हे वाक्य मला त्या अकरा मिनिटांपेक्षा जास्त लागलं.

कॅमेऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. माजघरातल्या कॅमेऱ्याची वाय-फाय जोडणी मधेच तुटली होती. पण झोपलेल्या बाळाचं गोठलेलं चित्र आणि झोपलेल्या बाळाचं जिवंत चित्र हुबेहूब सारखं दिसतं, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. वाय-फाय कॅमेरा घेतलात तर कोपऱ्यातले सेकंद पळताना दिसतात ना, एवढं तरी बघत जा. राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या, नाहीतर वीज गेली की पंखा चालू आणि कॅमेरा बंद. फोनचा बॅटरी-सेव्हर त्या ॲपसाठी बंद करा, कारण स्क्रीन काळी झाली की फोन ॲपला गुपचूप झोपवतो आणि रडण्याची सूचना येतच नाही. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. आणि जिथे बसून बाळाला पाजता त्या कोपऱ्याकडे कॅमेऱ्याचं तोंड नको. मी पाजायला बसले की कॅमेरा भिंतीकडे वळवते, अजूनही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. इंटरनेट नकोच म्हणून स्वतःचा पडदा असलेला व्हिडिओ मॉनिटर मागवला, साडेनऊ हजारांचा. बाळाजवळ कॅमेरा, आपल्याजवळ हाताएवढा पडदा, दोघांचं आपापसात थेट बोलणं. नेट गेलं तरी फरक नाही आणि कोणी बाहेरून घुसण्याचा धोका जवळपास नाही. ज्यांचं घर सिमेंटचं, दोन-तीन खोल्यांचं आहे, त्यांनी बिनधास्त हाच घ्यावा असं मला वाटतं. खोक्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. आमच्याकडे जिन्यावरून वरच्या खोलीत स्लॅबमधून दोन कांड्या यायच्या. दगडी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मात्र पडदा निळा व्हायचा आणि "रेंज नाही" म्हणून पिपाणी वाजवायचा.

रात्री आणखी एक गोष्ट कळली. आमच्याकडे छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आहे. अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो, ते आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, पण मच्छरदाणीच्या जाळीवर आपटून परत येतात. पडद्यावर सगळं पांढरंफटक, धुक्यात ठेवल्यासारखं. बाळ आहे की नाही तेही कळेना. उपाय सोपा निघाला: रात्रीचा मोड बंद करायचा आणि कोपऱ्यात झिरोचा बल्ब लावायचा. काही कॅमेऱ्यांच्या दिव्यांचा लाल ठिपका मंद दिसतोही. चिऊ त्या ठिपक्यांकडे टक लावून बघत बसायची आणि झोप उडवून घ्यायची. ९४० नॅनोमीटरचे दिवे असलेला कॅमेरा असेल तर हे लाल ठिपके दिसत नाहीत.

पण तो मॉनिटर मी परत केला तो रेंजमुळे नाही, जाळीमुळेही नाही. आईमुळे. ती विळीवर बसून भाजी चिरते. गवार, भेंडी, पालेभाजी, सगळं विळीवर, साठ वर्षांची सवय. पडदा तिच्यासमोर फळीवर ठेवला होता आणि ती दर दोन शेंगांमागे मान वर करून बघत होती. पाती समोर, हात चालू आणि नजर वर. मी दारात उभं राहून पाच मिनिटं ते बघितलं आणि त्याच संध्याकाळी परतीचा अर्ज भरला. विळीवर बसलेल्या माणसाला पडदा देऊ नये.

आईच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथूनच पुढचं सगळं सुटलं. तिला सहा वर्षांपासून कानाचं मशीन आहे. दुपारी ती ते काढून ठेवते, कानाला घाम येतो, खाज येते. पावसाळ्यात दमट हवेने मशीन खराब होऊ नये म्हणून डबीत ठेवते. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा बारीक, उंच स्वर आधी जातात, जाड स्वर मागे राहतात. म्हणून तिला दारावरची थाप ऐकू येते आणि मिक्सरशेजारच्या फोनची रिंग येत नाही. चिऊ समोर रडली तर आईला ऐकू येतं, कारण रडण्यात जाडसर भागही असतो. पण तेच रडणं मॉनिटरच्या इवल्याशा स्पीकरमधून आलं की खालचा जाड भाग गळून पडतो आणि राहतो तो फक्त किरटा आवाज. नेमका तिला न ऐकू येणारा. आवाज पूर्ण वाढवून ठेवला तरी तेच. मी तिला विचारत होते, "आई, ऐकू येतं का?" आणि ती मला वाईट वाटू नये म्हणून "येतं की" म्हणत होती.

ऑगस्टमध्ये राखीला नणंद इंग्लंडहून आली आणि तिच्या मुलाचा जुना मॉनिटर घेऊन आली. नुसत्या आवाजाचा. पडदा नाही, ॲप नाही. "वहिनी, अगदी साधा आहे, पण आमचा चार वर्षं चालला," म्हणाली. हा डेक्ट पद्धतीचा होता, म्हणजे घरातले कॉर्डलेस फोन ज्या तंत्रावर चालतात त्यावर. वाय-फायशी त्याचा संबंध नाही, मायक्रोवेव्हची खरखर नाही. तिकडची वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्टची, म्हणून फक्त चौकोनी पिनांसाठी बदलता प्लग लागला. अमेरिकेहून कोणी आणत असेल तर ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलंय का तेवढं आधी बघा.

आईजवळ ठेवायच्या त्या डबीवर पाच बारीक दिवे आहेत. बाळ कुजबुजलं की एक हिरवा, जोरात रडलं की पाचही, शेवटचे लाल. आणि तिला थरथरण्याची सोय आहे. मोबाईल सायलेंटवर थरथरतो तशी, पण जास्त दणदणीत.

पहिल्या दिवशी आईने ती डबी साडीच्या कनवटीला खोचली. मी माजघरात जाऊन पाळण्याजवळ टाळी वाजवली. स्वयंपाकघरातून आई जोरात ओरडली, "अगं बाई!" मी धावत गेले तर ती कमरेवर हात ठेवून हसत होती, डोळ्यांत पाणी. मग तिने मला चार वेळा परत पाठवलं, टाळी वाजव, परत वाजव, आता हळू वाजव. २३ जुलैनंतर ती चिऊच्या बाबतीत बिचकत होती, मी वर जाताना "लवकर ये गं" म्हणत होती. त्या दिवशी म्हणाली, "आता तू जा वर. मी आहे."

नुसतं यंत्र आणून भागत नाही, ते बसवावं लागतं, आणि त्यात आमचा आठवडा गेला. बाळाजवळचा भाग आधी पाळण्याच्या दांडीला अडकवला होता, वायरसकट. लसीकरणाला गेलो तेव्हा तिथल्या नर्सताईंना मी कौतुकाने फोटो दाखवला आणि त्यांनी पहिलं विचारलं, "ती वायर केवढी लांब आहे?" मॉनिटर आणि त्याची वायर बाळाच्या झोपायच्या जागेपासून निदान तीन फूट लांब हवी. वायर गळ्याभोवती अडकून बाळं दगावलेली आहेत. अमेरिकेतल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाची सूचनाच आहे तशी. सहा महिन्यांचं बाळ हात पोचेल ते ओढतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी वायर लोंबती ठेवली होती.

मग भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. दिसायला इतका छान, देवळीतल्या दिव्यासारखा. पण तीन बाजूंनी दगड, आवाज घुमायचा आणि सिग्नल तुटायचा. शेवटी खिडकीकडच्या फडताळावर जागा सापडली, पाळण्यापासून पाच फुटांवर. तिथून सिग्नल खिडकीतून परसात आणि परसातून स्वयंपाकघराच्या दारात जातो, भिंतीत शिरतच नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे करून बघा: भिंतीशी झगडू नका, दार-खिडक्यांच्या रेषेत ठेवा.

पंख्याचीही एक गंमत झाली. हा मॉनिटर शांतता असेल तर गप्प राहतो आणि ठरावीक पातळीच्या वर आवाज गेला तरच जागा होतो. आमचा जुना पंखा तीनवर खडखडतो. त्याच्या खाली मॉनिटर ठेवला होता तेव्हा आईची कंबर दुपारभर थरथरत होती. फडताळावर हलवला, संवेदनशीलता एक घर कमी केली. आता मंदिरातली घंटा आणि कुकरची शिट्टी त्याला जागं करत नाही. चिऊच्या झोपेतल्या कुरकुरीलाही तो उठत नाही आणि ते बरंच आहे. पूर्वी त्या कुरकुरीला आम्ही धावायचो आणि आमच्या धावण्यानेच ती उठायची.

झोळी वापरणाऱ्यांसाठी: झोळीत बाळ असेल तर कॅमेऱ्याला फक्त लुगड्याची बाजू दिसते, बाळ दिसत नाही. आणि डॉक्टरांनी झोळीत झोपू द्यायला नाहीच म्हटलंय, म्हणून आमच्याकडे झोळी आता फक्त आजी समोर बसून गाणं म्हणत असेल तेव्हाच, आणि डोळा लागला की गादीवर.

जुन्या मॉनिटरची बॅटरी तीन तासांत मान टाकायची. मागचं झाकण उघडलं तर आत साधे ट्रिपल-ए आकाराचे चार्ज होणारे दोन सेल निघाले. फोटो स्टुडिओशेजारच्या दुकानात तीनशे-साडेतीनशेत जोडी मिळाली, आता दिवसभर चालतो. नवा घेताना हे जरूर तपासा. आत चिकटवलेली खास बॅटरी असेल तर दोन वर्षांनी सगळा संच कचऱ्यात. तापमान दाखवणं, पाच अंगाईगीतं, चांदण्यांचा दिवा यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. अंगाई आईला येते.

आवाजाचे मॉनिटर इथल्या दुकानांत फारसे दिसत नाहीत, मागवावेच लागतात, आणि थरथरणारे त्याहून कमी. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात थरथरण्याचा उल्लेख आहे का ते शोधा, नुसते दिवे असतील तर सतत बघत राहावं लागतं. ज्या घरात आई किंवा वडील पूर्ण कर्णबधिर आहेत त्यांच्यासाठी स्वीडनच्या बेलमन अँड सिम्फॉन या कंपनीचे संच आहेत. बाळ रडलं की दिवा लखलखतो आणि उशीखालची चकती हलते. महाग आहेत, पण ज्यांना लागतात त्यांना दुसरं काही चालणार नाही.

कॅमेरा आम्ही टाकला नाही. तो आता चिऊच्या बाबांचा आहे. मागच्या मंगळवारी ती पहिल्यांदा पोटावर पुढे सरकली, चादरीची कड धरून, आणि ते पुण्यात बसलेल्या तिच्या बाबांनी आमच्या आधी बघितलं. त्याचा फोन आला तेव्हा मी एका बॅलन्सशीटमध्ये डोकं घालून बसले होते. राखण कोणी करायची याबद्दल मात्र घरात आता प्रश्न नाही.

रात्री नऊला डबी देवघराशेजारच्या सॉकेटवर चार्जिंगला लागते. सकाळी अंघोळ झाली की आई ती उचलते, दिवा हिरवा आहे का बघते, कनवटीला खोचते आणि मग कानाचं मशीन घालते. दुपारी मशीन काढून डबीत जातं, कमरेची डबी तशीच राहते. कधी मी पाणी प्यायला खाली येते तेव्हा ती विळीवर बसलेली असते, मान खाली, गवारीचा ढीग एका बाजूला. मधेच थांबते, हात पदराला पुसते, विळी आडवी करते आणि माजघराकडे चालू लागते. मला अजून काहीच ऐकू आलेलं नसतं.